बहात्तरची फियाट

जॅकच्या भरवशावर राहू नको,
दोन ओंडके लाव, नय्यूम उस्ताद म्हणाले.
मग मी पोतं अंथरून
गाडीच्या पोटाखाली सरकलो.

पाटीवर साल बहात्तर.
म्हणजे दुष्काळातली,
आणि हिला खाल्लं पाण्यानं.

वायर ब्रश फिरवला की तांबडं पीठ पडतं
गळ्यात, भुवयांवर, ओठांवर.
चव खारट.
पंधरा वर्षं मालवणला होती म्हणे,
मासळीवाल्याच्या दारात.

आमच्या जालन्यात नळ दहाव्या दिवशी.
समुद्र मी पाहिलेला नाही,
आणि तो असा, थेंबभरही ओल न घेता,
माझ्या छातीवर सांडतोय.

उस्ताद पान्याच्या मुठीनं ठोकत जातात,
कान लावून,
कलिंगड घेताना लावतात तसा.
टण्. राहू दे.
टण्. राहू दे.
भद्द.
ये तो गया रे.

कडेला मात्र लोखंड शाबूत, निळसर, गार.
त्याला तिथल्या तिथं रेड ऑक्साइड फासायचा,
हवेला कळायच्या आत.

पलीकडच्या रोलिंग मिलमध्ये
वाकडा खिळासुद्धा वजनावर घेतात.
ह्या भुकटीला कुणी विचारत नाही,
लोखंडच आहे तरी.
संध्याकाळी सुपडीत भरून
लिंबाच्या बुडाशी टाकतो.

चौथ्या भोकातून उजेड आला.
वर सीटच्या नुसत्या स्प्रिंगांवर बसून
उस्तादांची नात शिफा स्टिअरिंग फिरवतेय.
तिची टाच दिसते.
भरधाव गाडीतून तिनं
बोराची बी रस्त्यावर टाकली.
माझ्या गालाला लागली.