भाठ्याची माती

परुळेकर सर माती दाताखाली घेऊन बघत:
करकरली तर वाळू, चिकटली तर चिकण.
सिंधरोटची ही तिसरीच,
तांदळाच्या पिठीसारखी,
जिभेवर येऊन काहीच न बोलणारी.

ओली करून अंगठ्याने पट्टी ओढली.
पेरभर आली, तुटली.
बरणीत ढवळली:
वाळू लगेच बसली,
पोयटा दुपारभर उतरत राहिला,
वरचं पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळ.

रकाना एकच, ‘पोत’. लिहिलं: पोयट्याची.
उदेसंग पढियार वाकून बघत म्हणाले,
आम्ही भाठुं म्हणतो.
मही आणून टाकते,
मनात आलं की घेऊन जाते.
ते कुठं लिहायचं, मला कळेना.

रात्री दांडिया बाजारात
आमटीभात कालवताना
नखातली थोडी पोटात गेली असणार.
करकरली नाही.