शून्याची जागा

तपासणीवाल्याने कागदावर एकच ओळ लिहिली:
डावा दिवा आभाळाकडे बघतो.
शिक्का नाही. महिन्याची मुदत.

गाडी हारोची, माझ्या भावाची. सत्त्याण्णव सालची,
दोन दारांची, बुटकी, रस्त्याला पोट लावून बसलेली.
आणि हूसुमच्या ह्या सपाट मुलखात,
जिथे तीन कोसांवरच्या गाईची शेपटीही दिसते,
वर बघणारा दिवा म्हणजे
समोरून येणाऱ्या प्रत्येकाशी भांडण.

बंपर काढला. चाकाच्या कमानीतलं अस्तर काढलं.
ज्याने हा दिवा बसवला त्याला मनगट नसावं,
असलंच तर तिसऱ्याच बाजूला वळणारं.
बोटांची सालं गेली तेव्हा मोटर हाताला लागली:
काड्यापेटीएवढी, खाऱ्या हवेने पांढुरकी.
किल्ली फिरवली की घूं घूं घूं,
कुंपणाशी येरझारा घालणाऱ्या कुत्र्यासारखी,
थांबायचं कुठे तेच न कळणारी.

कटरने तिची शिवण उसवली.
आत मेणासारखं थिजलेलं ग्रीस,
नायलॉनचं चाक, एक दाता गेलेलं.
दाता ग्रीसमध्येच सापडला, दुधाच्या दातासारखा.
चाक मिळतं. पोलंडमधला एकजण विकतो, नऊ युरोला.
पण दुखणं चाकात नव्हतंच.

नखाएवढी काळी कार्बनची पट्टी असते.
तिच्यावरून पितळेची एक मिशी फिरते
आणि मोटरला सांगत राहते, तू आत्ता इथे आहेस.
पट्टी एकाच ठिकाणी खरवडून निघालेली.
शून्यावर.

डॅशबोर्डवर चकती आहे, शून्य ते तीन.
एकटा माणूस: शून्य.
शेजारी कुणी बसलं की एक. मागे सामान, दोन.
एकच्या पुढची पट्टी कोरी करकरीत,
कारखान्यातून आली तशी.
सव्वीस वर्षं.

ह्यावरून काही सिद्ध होत नाही.
ती चकती कुणीच फिरवत नाही. माझ्या व्हॅनमध्ये
मी तिच्यावर च्युइंगम चिकटवते.
मला त्याने एकदाही कुठे सोडलं नाही,
पण मी तरी कधी म्हटलं होतं, सोड म्हणून?

मिशी चिमट्याने केसभर वाकवली.
आता ती झिजलेल्या जागेच्या शेजारून चालते.
शून्य तेच, वाट तेवढी सरकली.

भिंतीपासून दहा मीटर.
दिव्याच्या उंचीवर खडूची रेघ,
तिच्याखाली दहा सेंटिमीटरवर दुसरी.
उजेडाची कड दुसरीवर टेकली पाहिजे.
आणि नियम म्हणतो, चालकाच्या जागी
पंचाहत्तर किलो वजन हवं.
म्हणून शेजारच्या ल्यूडरला बोलावलं.
तो शंभरीला टेकलेला, वयाने नव्हे, काट्यावर.
हातात हेरिंग घातलेला पाव.
म्हटलं, पाव बाहेर ठेव.
म्हणाला, गेझा, पावाने काय फरक पडतो?
म्हटलं, तुझ्याने आधीच पडलाय.

चकती फिरवली. उजेड भिंतीवरून उतरला,
पुन्हा चढला,
थांबला.
मी खडू हातात घेऊन तशीच उभी.

"ह्या बाजूला कधी बसलो नव्हतो," ल्यूडर आतून म्हणाला.
"मी त्या सीटवर. दर शुक्रवारी फेरीवरून
घरापर्यंत. अकरा वर्षं."
मी विचारलं, आणि चकती?
"कसली चकती?"

रात्री समुद्राच्या बांधालगत चालवून बघितली.
समोरून दुधाचा टँकर आला
आणि माझ्यावर दिवे न मिचकावता निघून गेला.
पुढच्या वळणावर मेंढ्या, रस्ता अडवून.
इंजिन चालू ठेवून थांबले.
उजेड त्यांच्या गुडघ्यांपर्यंत पोचत होता,
डोळ्यांपर्यंत नाही.
त्या आपल्या रवंथ करत राहिल्या.