कमीत कमी नव्वद मिनिटं

रात्री अकराला कंपनीचा मेसेज आला:
सांबऱ्याचं विमान पन्नास मिनिटं उशिरा. क्षमस्व.
तिकीट तेच, बारकोड तोच,
फक्त बेंगळूरला मधे उरली चाळीस मिनिटं
आणि नियम म्हणतो, कमीत कमी नव्वद.

सकाळी शटर वर केलं तर पायरीवर
सुभद्रा हलगेकर, हलशीहून पहिल्या बसनं,
शारजाला लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या.
"चाळीस मिनटं म्हणजे लई झाली की.
खानापुरात उतरून मी बेळगावची गाडी धरतो
दोन मिनटात. कंडक्टर बगतो, थांबतो.
विमानात कोण बगत नाही काय?"

मी फोन लावून बसलो.
कन्नडला एक, हिंदीला दोन.
सनईसारखं काहीतरी वाजत राहिलं,
तेवढ्यात त्यांनी पदरानं माझं टेबल पुसलं.
"स्वल्प नोडी, मेडम," मी म्हणालो,
मग हिंदीत तेच, मग नुसतंच "प्लीज".
वेळ तुम्ही बदलली, पैसे मागू नका,
हे मात्र दोन्हीत नीट जमलं.

शेवटी मिळालं ते आदल्या दिवसाचं.
म्हणजे बेंगळुरात एकोणीस तास.
मला सांगायला जड गेलं.
त्या बोटं मोजत होत्या.
"एकोणीस? यशवंतपुरात धाकटी हाय माझी.
तिचा नवरा वारला तवा जायचं ऱ्हाऊनच गेलं.
जाऊन येतो."

मी प्रिंट काढली. त्या पिशवी उघडून
कुंद्याचे डबे मोजायला लागल्या.
"वजन किती म्हटलास?"
पंधरा किलो, मावशी.
"शारजाला तीन पुरेत," म्हणाल्या,
आणि एक बाजूला ठेवला.