कोंब

तुर्भ्याला, एमआयडीसीत, माझी रात्रपाळी थंडीची.
पहिल्या खोलीत चिंच आणि लाल मिरची, चारावर.
दुसरीत सफरचंद, शून्यावर.
तिसरीत सुरमई, उणे अठरा.
दर तासाला वहीत आकडे भरायचे,
अमोनियाचा वास आला तर आधी पळायचं, आकडे नंतर.
बाहेर मार्च. पहाटे तीनलाही डांबर कोमट,
मी मात्र कापूस भरलेल्या कोटात.

तेवढ्यात वैजूचा फोन.
अबर्डीनला रात्रीचे साडेनऊ.
दादा, झाडाला काहीतरी झालंय.

झाड म्हणजे तिच्या परसातला माड.
माड नव्हेच तो,
हिमालयाकडचा कुठलासा ताडाचा चुलतभाऊ,
अंगभर स्वतःचाच काथ्या नेसून उभा,
बर्फ पडतो आणि हा हातपंखे उघडून बसलेला.
शेजारीण म्हणते, तुमच्याकडचं झाड ना?
वैजू दरवेळी सांगते, आमच्याकडे हा टिकत नाही हो.
खरं आहे. मी एक लावला होता,
कोपरखैरण्याला, गॅलरीत, माठाशेजारी.
एप्रिलच्या पंधरवड्यात गेला.

बाबा असते तर हसले असते.
बाबा माडावर चढायचे, माडी काढायचे,
बेलापूरकडच्या त्या वाड्यांत,
ज्यांचे आता सेक्टर झालेत.
पाम बीच रोडवरचे रांगेतले बाटलीपाम बघून म्हणायचे,
ही झाडं नाहीत, हे वॉचमन आहेत.

मधली सुरळी धर, मी म्हणालो. न उघडलेली.
ओढ. जोर नको.
फोनमध्ये वारा, टॉर्चची खटखट,
मग बराच वेळ काही नाही.
आली, ती म्हणाली. अख्खी हातात आली रे.
वास घे.
पुन्हा काही नाही.
मग: बाबांच्या सदऱ्याला यायचा, तसा.

आंबलेली माडी.
उत्तर समुद्राच्या काठावर, तीन अंश तापमानात.
आम्ही दोघं हसलो बहुतेक.
तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला, सर्दी असेल.

थंडीनं नाही झालं हे, मी म्हणालो, ओलीनं झालं.
काय काय गुंडाळलंस?
नोव्हेंबरपासून गोधडी. वर प्लास्टिक. वर दोरी.
वैजू, ते काय बाळंतीण आहे?
अगं, त्याला थंडी चालते. कोंबात साचलेलं पाणी चालत नाही.
आता पावाची सुरी घे, वरून काप,
पांढरं लागेपर्यंत.
कसलं पांढरं?
ओल्या खोबऱ्याचं.

मोरचूद-चुना मिळेना तिकडे.
नर्स आहेस ना, जखम धुवायचं काय असतं घरात?
ते ओत. फेस येईल, येऊ दे.
वर छत्री बांध. पाऊस नको, वारा हवा.
आणि रोज उकरून बघू नकोस.
तू लहानपणी वालाचे दाणे उकरून बघायचीस.

सकाळी तळपदे साहेबांनी वही तपासली.
तीन चाळीसच्या ओळीत, सफरचंदाच्या रकान्यात
माझ्याच अक्षरात: पांढरं लागलं.
ही कुठली खोली?
मी म्हटलं, चुकून, साहेब.
त्यांनी खोडलं आणि बाजूला सही केली.

एप्रिल गेला. मे गेला.
ती झाडाचं बोलायची नाही, मीही विचारलं नाही.
ड्युटी, गुडघा, डाळीचे भाव.

जूनमध्ये रात्री फोटो आला.
तिच्याकडे साडेदहालाही उजेड,
छत्री अजून तशीच, एक काडी मोडलेली,
आणि खाली, खुंटातून, पान.
हिरवं, बोटभर, वरून सरळ कापलेलं,
न्हाव्यानं कानावर रेघ मारावी तसं.

हे असंच वाकडंतिकडं राहणार का, दादा?
हे असंच राहील, मी लिहिलं.
पुढचंही थोडं.
त्याच्या पुढचं बघू.

चार वाजले.
कोट चढवला. दुसरी खोली, शून्य.
लिहिलं.