छत्तीसचा रोल

स्टुडिओचं शटर शेवटचं ओढलं त्या दिवशी
गोळीबार चौकातला भंगारवाला म्हणाला,
"काका, एन्लार्जर घेतो, पंखा घेतो,
ह्या डब्ब्या काऊन घेऊ? पोकळ माल हाय."

दोन पोती होती.
काळं अंग, करडं झाकण.
बत्तीस वर्षं मी त्यांतून रोल काढला
आणि डबी मागे फेकली, न बघता,
शेंगा खाताना टरफलं फेकावीत तशी.
लग्नं, बारशी, शाळेचे गट-फोटो,
मयताचेही दोन-चार,
ज्यांचे पैसे मागायला मी कधी गेलो नाही.

पोती घरी आली.
प्रमिलानं एक डबी उघडली, हुंगली,
"औषधाचा वास येते," एवढंच म्हणाली.
मग सोड्याचं पाणी, मग रिठ्याचं,
मग गच्चीवर जुन्या लुगड्यावर पसरल्या
ऐन मे महिन्यात,
पापडसुद्धा जिथे तासाभरात हात टेकतो.

उजेड आत येऊ नये
एवढ्याच कामासाठी बनलेली वस्तू
उन्हात हजारभर उघडी पडलेली.
मला बघवेना. मी खाली जाऊन बसलो.

आता ऐका.
पंचफुला मेश्रामनं एक नेली
आणि दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाताना
नातवाच्या गळ्यात दोऱ्यानं बांधली:
आत नाव, गल्ली, फोन नंबर.
पोरगं हरवलं नाही. डबी तेवढी हरवली,
आणि चार दिवसांनी कामठीहून
कोणाचा तरी फोन आला, "पोरगं सापडलं का?"

बाबाराव हेडाऊनं एक बूच लावून
कूलरच्या टाकीत सोडली.
ती वर तरंगते तोवर खस ओली;
तळाला टेकून खडखडली
की रात्री दोन वाजता घरातला कोणीतरी
शिव्या देत बादली उचलतो.

जिरं, ओवा, सुयांचं पाकीट,
ऑटोवाल्या शकीलची चिल्लर,
डब्यासोबत जाणारी तर्री, जी
आजवर एकाही दप्तरात सांडली नाही.
हे सांगताना मी स्वतःच जाहिरात करतोय असं वाटतं.

शेजारचे ढकाते, पूर्वीचे विणकर, डोळे गेलेले.
प्रमिला त्यांच्या कानाशी डबी हलवते.
"मोहरी."
"मेथी. जुनी हाय, कीड लागली."
"हे मीठ नाही, साखर. मीठ असं हासत नाही."
एकदा मी मुद्दाम रिकामी हलवली.
ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले,
"अजून एकदा."
मी पुन्हा हलवली.
"काही नाही," ते म्हणाले, "पण झाकण सैल हाय."

गल्लीत आता मापच पडलंय.
"एक रोल पोहे दे वो काकू."
"साखर दीड रोल पुरे, पाहुणे शुगरवाले."
ज्यांनी आयुष्यात रोल पाहिला नाही
ती पोरंही म्हणतात, रोलभर.
मी कोणाला सुधारत नाही.

परवा हेडाऊंची धाकटी, ऋतुजा,
आमच्या पायरीवर चिंचोके मोजत होती.
टाकायची, दाबायची, झाकण टप्प.
"आजोबा, हिच्यात किती मावते?"
छत्तीस, मी सवयीनं म्हणालो.
तिनं पुन्हा ओतले, पुन्हा मोजले,
जीभ ओठाबाहेर काढून.
"चूक. अडतीस."

हो गं.
मी विसरलोच होतो.
नीट, जपून भरला
तर छत्तीसच्या रोलमध्ये
दोन फोटो जास्तीचे निघायचे.
त्यांचे पैसे मी गिऱ्हाइकाला लावत नसे.