मुदत उलटलेली पुस्तकं

तिलेक बिश्केकहून आला तीन दिवसांसाठी,
पाठीला लॅपटॉप, खिशात बारकोडची गुंडाळी,
आणि दोलोनच्या घाटानं ढवळून काढलेलं पोट.
मी त्याला आधी खारा चहा पाजला,
मग अठ्ठेचाळीस खणांचं कपाट दाखवलं.

"एवढं सगळं चढवायचं?"
"एवढंच," मी म्हटलं. "बाकीचं माझ्या डोक्यात आहे."

नारीनच्या या वाचनालयात
एकतीस वर्षं मी कार्डांच्या कडा बोटांनी वाचल्या.
तिसरा खण थंडीत फुगतो, त्याला गुडघा लावावा लागतो.
जनावरांच्या रोगांची कार्डं अंगठ्यांनी काळी पडली आहेत,
तत्त्वज्ञानाची कोरी करकरीत.
हे कुठल्या रकान्यात भरायचं?
तिलेक म्हणाला, 'शेरा' म्हणून एक रकाना आहे,
दोनशे अक्षरं मावतात.
पुष्कळ झाली. थडग्यावर याहून कमी लिहितात.

दुसऱ्या दिवशी
सोन-कोलच्या कुरणातून जुमाबेकचा आवाज आला फोनवर,
वाऱ्यानं अर्धा खाल्लेला.
तिथे रेंज एकाच खडकावर मिळते,
त्यावर उभा राहून तो ओरडत होता:
मेंढी गोल गोल फिरते, एकाच अंगाला,
त्या निळ्या पुस्तकात काय लिहिलंय बघा!
पान सत्त्याऐंशी. मला न बघता ठाऊक.
तिलेकनं काचेवर पुस्तक पालथं घातलं,
उजेडाची एक पट्टी सरकत गेली
आणि पान निघालं,
घोड्यावरून दीड दिवसाची वाट
चहा निवायच्या आत.
खोटं कशाला बोलू,
तेव्हा मला ते यंत्र आवडलं.

तिसऱ्या दिवशी पोरानं मला न विचारता
एक कळ दाबली.
'आपल्याकडील पुस्तकाची मुदत संपली आहे.'
दोनशे सहा फोन वाजले गावभर,
कसायाच्या दुकानात, दवाखान्यात, एका लग्नातसुद्धा.
आणि मुरातालीचाही वाजला,
ज्याला सात हिवाळ्यांपूर्वी आम्ही पुरला
तेव्हा जमीन कुदळीला दाद देत नव्हती.

त्याच्या नंबरावरून उत्तर आलं:
'घरीच आहे. उद्या आणलं तर चालेल?'

मी चष्मा पुसला. परत वाचलं.
तिलेक म्हणाला, काय झालं, एजे?
काही नाही म्हटलं. चालेल म्हणून कळव.

आली ती बारा वर्षांची नात, बेगिमाय,
आजोबांचा फोन गळ्यात अडकवून,
पुस्तक नमद्यात गुंडाळलेलं.
रेडिओ दुरुस्तीचं.
समासात मुरातालीची पेन्सिल,
मध्येच कुठे डाखाचा एक थेंब,
थंड, कागदात रुतलेला.

यंत्रानं दिवस मोजले आणि दंड सांगितला:
एका चांगल्या मेंढीची किंमत.
पोरीनं खिसा चाचपला.
मी 'माफ' शोधत राहिले पडद्यावर,
वर, खाली, कोपऱ्यात.
तशी कळच नव्हती.
बिश्केकमध्ये बसून ज्यांनी हे बांधलं
त्यांना ती लागेल असं वाटलं नसावं.

दुपारची गाडी सुटायची वेळ झाली होती.
तिलेकनं घड्याळ बघितलं, पोरीकडे बघितलं,
बाही वर सारली
आणि ती गाडी जाऊ दिली.
साडेतीनला कळ तयार झाली,
जराशी वाकडी, चौकटीबाहेर डोकावणारी.
दाबायचा मान त्यानं मला दिला.

"हेच परत नेऊ?" बेगिमायनं विचारलं.
"पान एक्केचाळीसवर त्यांनी तार चुकीची जोडलीय.
मला नीट करून बघायचंय."

मग तिचं नाव घातलं, वय घातलं, फोन घातला.
यंत्र अडलं:
'हा क्रमांक आधीच वापरात आहे.'

तिलेकचं बोट 'काढून टाका'वर गेलं.
मी त्याचं मनगट धरलं.
खरं तेच सांगतंय, म्हटलं, वापरात आहे.

शेऱ्यात दोघांची नावं लिहीत होते, एकाखाली एक,
आणि चारला वीज गेली, रोजच्यासारखी.
पडदा काळा. तिलेक कपाळाला हात लावून बसला.
मी तिसऱ्या खणाला गुडघा लावला,
मुरातालीचं कार्ड काढलं
आणि पेन्सिलीला टोक करायला घेतलं.