निरोगी गट, क्रमांक सतरा

तुर्कूत नोव्हेंबर. दुपारीच दिवे लागलेले.
तळघरातून शिशाच्या डब्यात साखर वर येते,
दोन तासही न होता निम्मी विझणारी.
म्हणून मी चहा अर्धा टाकून उठते.

तौनो लेहतिसारी, वय एकाहत्तर,
हयात जहाजांच्या इंजिनांत गेलेली.
आजाऱ्यांशी ताडून पाहायला
धडधाकट माणूस हवा होता आम्हाला.
"उपाशी ठेवून वर साखर देता?" म्हणाला,
आणि बाही दुमडली.

मी सांगितलं, आता तासभर पडून राहा.
वाचायचं नाही, चघळायचं नाही, बोलायचं नाही.
जो स्नायू हलेल, तो साखर खाईल.
दोन ब्लँकेटं घातली, दार लोटलं.

मग यंत्र. आधी सीटी, चुटकीसरशी:
बरगड्या, मणके, खांद्यातला जुना स्क्रू.
त्यावर पेटचा उजेड
सावकाश, पलंग थांबत थांबत सरकताना:
मेंदू, हृदय, मूत्राशय, सगळं जिथल्या तिथे.
आणि गळ्यात
दोन निखारे.

पोटात गोळा आला.
पुन्हा पाहिलं. डावा-उजवा अगदी सारखे.
गाठ अशी जोडीने, शिस्तीत येत नाही.

"बोलत होतात?"
तो बुटांच्या नाड्या बांधत राहिला.
"ऐलीशी. ती गेल्यापासून
इतका निवांत तास कुठे मिळाला?"

नियमभंगाच्या रकान्यात मी लिहिलं: संभाषण.
कालावधी: अंदाजे साठ मिनिटं.
सतरा क्रमांक आता मोजता येणार नाही,
हेही त्याला सांगितलं.

टोपी घालत तो म्हणाला,
पुन्हा यावं लागलं तर येईन की.
खोली मात्र तीच द्या.